केरबाचा चर

डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा केरबा होता. तसे भोळे गावोगाव असतात. पण त्यांना सांगितलेलं निम्मंच कळतं, त्यामुळे निम्मंच बिघडतं. केरबाचं तसं नव्हतं. त्याला सांगितलेलं सगळं कळायचं आणि तो ते तसंच्या तसं करायचा.

लहानपणी बायजाआत्ती त्याला म्हणाली, "म्हशीवर ध्यान ठेव, कुठं जाती बघ." म्हैस लोकांच्या उसात शिरली. केरबा बांधावर बसून बघत होता. संध्याकाळी आत्तीनं विचारल्यावर त्यानं म्हैस कुठं गेली, कुणाच्या उसात गेली आणि किती आवडीनं खात होती, सगळं बिनचूक सांगितलं.

ही बायजाआत्ती म्हणजे त्याच्या बापाची थोरली बहीण. आईबाप गेल्यावर तिनंच केरबाला वाढवलं आणि वेळ आली तसं लग्नही लावून दिलं. बायको मिळाली हौसा. हौसा शहाणी होती. नवऱ्याला काम सांगताना ती पुढचं-मागचं सगळं सांगायची. "भाकरी घेऊन शेतात जा" एवढ्यावर ती कधी थांबली नाही. "भाकरी घेऊन शेतात जा, भूक लागली की खा आणि फडकं परत आणा," असं म्हणायची. त्यामुळे दोघांचं छान चाललं होतं.

वाईट होती ती घराची मागची भिंत.

घर उतारावर होतं. त्याची पाठ डोंगराकडे, तोंड खाली ओढ्याकडे. पावसाळ्यात डोंगरावरून पाणी यायचं ते थेट मागच्या भिंतीला टेकायचं. तिथंच बसायचं, जोत्यात मुरायचं, घराच्या पायात शिरायचं आणि भिंतीतून कमरेएवढं वर चढायचं. एका साली भिंतीला अळंबी उगवली. केरबा हरखून गेला. म्हणाला, "आत्ती, आता भाजीला बाहेर जायचं कारण न्हाई." आत्तीनं कपाळावर हात मारला.

पुढं हौसाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेकीला न्यायला तिची आई आली. ही सुंदराबाई. बोलणं थोडं, पण बोलली की मागं घेणार नाही. पोरीची ओटी भरून झाली, चहा झाला आणि निघता निघता सुंदराबाईनं मागच्या भिंतीवर तळहात टेकला. हात ओला झाला. तो तिनं सगळ्यांना फिरवून दाखवला.

"जावयबापू," ती म्हणाली, "बाळंतीण आन् तान्हं लेकरू मी ह्या ओलीत धाडायची न्हाई. भिंत कोरडी करा. लेकीला घेऊन येईन तवा असाच हात लावून बघीन. हात कोरडा निघाला तर दोघं हितं ऱ्हातील. वला निघाला तर दारातनंच माघारी."

हौसा गेली. केरबा सडकेपर्यंत पोचवून आला आणि भिंतीपुढं बसून राहिला. घर खायला उठलं होतं. भूक लागली की खा, हे सांगणारी हौसाही आता नव्हती. त्या दिवशी तो जेवलाच नाही.

"असं बसून भिंत सुकत असती व्हय?" आत्ती म्हणाली आणि जाऊन लखू गवंड्याला घेऊन आली.

लखू गवंडी पंचक्रोशीतला नावाजलेला. पण मोठा तापट. राग आला की तो डोक्यावरचा पटका सोडायचा आणि पुन्हा बांधायचा, म्हणजे तेवढ्यात राग जिरायचा. त्यानं घराभोवती एक फेरी मारली, जोत्याला टिचक्या मारल्या, वर डोंगराकडे बघितलं.

"भिंतीत खोट न्हाई. पाणी पायाला लागतंय, त्याचं सगळं दुखणं हाय. मागच्या अंगाला चर खणायचा. गुडघाभर खोल. वरचं पाणी पायाला भिडायच्या आत चरात धरायचं."

पण लखूचं शेजारच्या गावात देवळाचं काम चालू होतं. म्हणून खणायचं काम केरबाकडे आलं. लखू बाजारच्या दिवशी येऊन बघणार होता.

"चराला उतार दे, केरबा," जाताना तो म्हणाला. "जमला का न्हाई ते कसं कळंल? लोटाभर पाणी वतून बघायचं. पळालं की उतार जमला. थांबलं की फसला."

"पळालं पायजे," केरबा म्हणाला.

"पळालं पायजे."

केरबा कामाला वाघ. लोटा घेऊन त्यानं परसदारी पाणी ओतून बघितलं. आडवं ओतलं तर पाणी इकडे बघे, तिकडे बघे, घुटमळे. डोंगराकडून सरळ खाली ओतलं, तर काय पळालं! केरबानं तिथंच कुदळ मारली.

बाजारच्या दिवशी लखू आला. "चर झाला का?"

"झाला की."

"पाणी वतून बघिटलंस?"

"बघिटलं."

"पळालं?"

"तात्या, असं पळालं म्हणताय! मला गाठता आलं न्हाई."

"शाब्बास! कुठं पळालं?"

"घरात," केरबा म्हणाला.

लखूनं जाऊन बघितलं. डोंगरापासून निघालेला चर, गुडघाभर खोल, बाजू अगदी तासलेल्या, सरळ मागच्या दाराच्या उंबऱ्याला येऊन लागला होता. लखूनं पटका सोडला आणि पुन्हा बांधला.

"आरं, घरात कशाला न्हेलास?"

"कुठं पळायचं ते तुमी कुठं सांगिटलं? पळायचं तेवढं सांगिटलं."

"घरापासनं लांब पळालं पायजे, लेका! उतार द्यायचा तो घरापासनं लांब!"

"असं आधी सांगायचं की, तात्या," केरबा म्हणाला. "पुढच्या खेपंला तसं करतो."

लखूनं तो चर बुजवायला सांगितला, दुसरा आडवा खणायला सांगितला आणि तो देवळाच्या कामावर गेला. पण चराआधी पुढची खेप आली ती वेगळीच.

आत्ती म्हणाली, "केरबा, माजघराची भुई पार उखणलीया. हौसा आली की पाळणा हितंच टांगायचा. मुरूम टाक, पाणी मार आन् मागच्या दारापासनं म्होरल्या दारापतोर भुई चोपून काढ. मी जरा दळण घेऊन येतो."

आत्ती परत येईपर्यंत भुई तयार होती. गुळगुळीत. हात फिरवावा अशी. आत्तीला भरून आलं. म्हणाली, "किती दिसांनी एक काम सरळ केलंस रं बाबा." असं म्हणून तिनं डोक्यावरची दळणाची पाटी उतरवली, पाण्याची घागर आणून भुईवर ठेवली आणि देवापुढचा नारळ उचलून घागरीजवळ ठेवला.

नारळ हलला. थोडा थांबला, मग निघाला. त्याच्यामागं घागर कलंडली आणि तीही निघाली. कोपऱ्यातला वरवंटा निघाला. लसणाचे गड्डे निघाले. सगळी वरात माजघरातून सोप्यावर, सोप्यावरून म्होरल्या दारातून बाहेर, आणि बाहेर तर देवाचाच उतार. घागर पायरीला अडकून चेपली. वरवंटा अंगणात कुत्र्याच्या अंगावर गेला. नारळ मात्र कुठंच अडला नाही. तो ओढ्यात पडल्याचा आवाज दोघांनी नीट ऐकला.

"आत्ती!" केरबा टाळी वाजवून म्हणाला. "घरापासनं लांब पळालं! पार ओढ्यापतोर!"

आत्ती मटकन खाली बसली. बसली तशी तीही दाराकडे सरकायला लागली. तिनं उंबरा धरला.

"मुडद्या! भुईला कुणी उतार देतंय व्हय? ठेवल्यालं जिथल्या तिथं ऱ्हायला पायजे! लोटा ठेवला तर हलता कामा न्हाई!"

"असं आधी सांगायचं की, आत्ती. पुढच्या खेपंला तसं करतो."

"पुढच्या खेपंला नगं, आत्ताच कर! निदान पाळणा टांगायचा तेवढी तरी जागा सपाट कर, माझ्या राजा!"

केरबानं पाळणा टांगायचा तेवढी जागा सपाट केली. तेवढीच. पाळणा टांगायच्या आढ्याखाली एक चौकोन, चांगला वीतभर उचललेला, वर ठेवलेल्या लोट्याची हलायची काय बिशाद. बाकी भुई होती तशीच राहिली, दाराकडे झुकलेली. आत्तीनं आठवडाभर भांडण केलं, मग प्रत्येक भांड्याखाली एकेक खडा लावला आणि तिला सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

मग केरबा चराकडे वळला. आता लखू काय म्हणाला ते त्याला आठवत होतं, पण आत्ती नंतर बोलली होती आणि मोठ्यानं बोलली होती. त्यानं घराच्या मागं आडवा चर खणला. तळ चोपला, घासला, पुन्हा चोपला. तळाशी लोटा ठेवला. लोटा हलला नाही. जागा बदलून ठेवला. तरी हलला नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही लोटा हलला नाही. केरबा समाधानानं घरात आला.

रात्रीत वळीव पडला.

बाजारच्या दिवशी लखू आला तर चर काठोकाठ भरलेला. त्यात म्हैस बसली होती, डोळे मिटून, अगदी महालात बसल्यासारखी. बेडूक ओरडत होते. गल्लीतली पोरं पोहायला कपडे काढून तयार होती. आणि मागची भिंत गटागटा पाणी पीत होती.

"हे काय रं?" लखू म्हणाला.

"पाणी हाय, तात्या."

"ते दिसतंय मला! पळंना का?"

"कशाला पळंल? सपाट केलंय. ठेवल्यालं जिथल्या तिथं ऱ्हातंय. रातीपासनं हललं न्हाई बघा."

लखूनं पटका सोडला, बांधला, पुन्हा सोडला आणि पुन्हा बांधला. मग आत्तीकडे बघितलं. आत्ती आभाळाकडे बघत होती.

"नीट ऐक, केरबा. साठलेलं पाणी म्हंजी घराचा वैरी. साठलं की मुरतंय, मुरलं की पाया गेला. कुठं पाणी साठलेलं दिसलं की त्याला वाट काढून द्यायची. ही अशी." लखूनं खोरं घेऊन चराचं खालचं टोक फोडलं. पाणी खळाळून बाहेर पडलं आणि ओढ्याकडे गेलं. म्हशीनं डोळे उघडले आणि लखूकडे वाईट नजरेनं बघितलं.

"साठलेलं दिसलं की वाट काढून द्यायची," केरबा म्हणाला. "असं आधी सांगायचं की, तात्या. पुढच्या खेपंला तसं करतो."

लखू जेमतेम ओढा ओलांडून गेला असेल, नसेल. केरबा पाणी प्यायला मागच्या दाराशी आला. तिथं रांजण होता. अर्धा जमिनीत पुरलेला, आत्तीच्या आजीच्या वेळेपासूनचा, पाणी कसं बर्फासारखं. केरबानं झाकण उचललं आणि त्याच्या काळजात धस्स झालं. आत पाणी साठलेलं. तेही घराच्या पायापासून हातभर अंतरावर. इतकी वर्षं वैरी घरात आणि कुणाचं लक्ष नाही!

त्यानं पहार आणली आणि वाट काढून दिली.

बरं, एवढ्यावर थांबावं. पण केरबा मनाचा मोठा. त्याला वाटलं, आपलं घर वाचलं, शेजाऱ्यांचं काय? गल्लीत बायका पाण्याला नाहीतर शेतात गेलेल्या. तो घराघरातून गेला. गोदाकाकूचा रांजण, पलीकडच्या घरातली माती लावलेला डेरा, कुणाचं भिजत घातलेलं धुणं, कुणाचं ताकाचं मडकं. ताकाच्या मडक्यापाशी तो जरा थबकला. ताक काही पाणी नव्हे. पण आत निम्म्याहून जास्त पाणीच आहे हे त्यानं चाखून बघितलं आणि वाट काढून दिली.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका आत्तीच्या दारात उभ्या होत्या. कुणाच्या हातात फुटका काठ, कुणाच्या हातात नुसतं झाकण. त्या काय बोलल्या ते इथं लिहिता येत नाही. आत्तीनं सगळ्यांच्या हातापाया पडून, कुंभाराकडून नवी मडकी आणून द्यायचं कबूल केलं आणि दार लावून घेतलं.  मग ती चुलीपुढं बसली आणि पदर डोळ्याला लावला.

"आत्ती, रडतीस का?"

"हौसाची आय येईल," आत्ती म्हणाली. "हात लावंल. वला हात घिऊन माघारी जाईल. मला नात न्हाई तर नातू मांडीवर घ्यायचा हुता रं. एवढंच हुतं माझं."

केरबाला हे सगळंच्या सगळं कळलं. तो तिच्याजवळ बसला आणि त्यालाही रडू आलं. अशा वेळी काय करायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं काही चूकही केली नाही.

आत्ती सकाळी चालत देवळाच्या कामावर गेली आणि लखूला अक्षरशः ओढून घेऊन आली. लखूनं या खेपेला केरबाला खणू दिलं नाही. स्वतः दोरी धरली, स्वतः उतार दिला. चर घराच्या मागून आडवा नेला, बाजूनं वळसा घातला आणि खाली ओढ्याला लावला. तळाशी दगडगोटे भरले, वर बारीक खडी टाकली. निघालेल्या मातीचा घराच्या अंगाला बांध घातला आणि सडकेकडून येणारी पायवाट जिथं चर ओलांडते तिथं एक फरशी टाकली. लोटाभर पाणी ओतलं. पाणी पळालं आणि जिथं जायला हवं तिथंच गेलं.

"आता ह्याची राखण तेवढी ऱ्हायली," लखू म्हणाला. "पालापाचोळा अडकला की काढायचा, बांध ढासळला की माती लावायची."

"राखण कुणी करायची?" आत्तीनं विचारलं. मग दोघांनी केरबाकडे बघितलं.

दोघं बाजूला गेले आणि बराच वेळ बोलले. ठरलं असं, की केरबाला आता एकच गोष्ट सांगायची. अशी सांगायची की त्यात चुकायला जागाच उरू नये.

"केरबा," लखू म्हणाला, "वरनं जे काय येईल ते घराकडं येऊ द्यायचं न्हाई. चराच्या कडंनं वळवायचं आन् ओढ्याला पोचवायचं. बस."

"वरनं येईल ते वळवायचं, ओढ्याला पोचवायचं."

"हां. दुसरं काय बी डोस्क्यात घालायचं न्हाई."

केरबानं दुसरं काही डोक्यात घातलं नाही. आषाढात डोंगर दिसेनासा झाला, पण केरबा पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, हातात खोरं घेऊन चरावर उभा. पाणी आलं की वळवी. पाला आला की काढी. चरातून खळखळ आवाज येई आणि घराच्या पाठीला थेंब लागत नसे. आत्ती रोज भिंतीवर हात टेकून बघायची. आधी ओला, मग दमट, मग गार. आणि एक दिवस कोरडा.

मध्येच सांगावा आला. हौसा बाळंत झाली, मुलगी झाली, नाव शेवंता ठेवलं. केरबाला आनंद कुणाला सांगू असं झालं. चरावर दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यानं पाण्यालाच सांगितलं आणि ओढ्याला पोचवलं.

एकदा डोंगरावरून कुणाच्या तरी शेळ्या उतरल्या आणि आत्तीच्या वालाच्या वेलाकडे निघाल्या. वरनं आलेल्या. केरबानं त्या वळवल्या, चराच्या कडेनं नेल्या आणि ओढ्याला पोचवल्या. आत्तीनं दारातून बघितलं आणि म्हणाली, "शाणा हाईस." उभ्या जन्मात त्याला कुणी असं म्हटलं नव्हतं. तो ओढ्यावर गेला आणि शहाणा माणूस कसा दिसतो ते पाण्यात बघून आला.

श्रावण सरत आला आणि निरोप आला. सुंदराबाई लेकीला आणि नातीला घेऊन येतेय.

आत्तीची धावपळ उडाली. सारवण झालं, खिरीचं दूध आटायला ठेवलं, पाळणा टांगला. ओवाळायला भाकरतुकडा आणि पायावर घालायला पाण्याचा तांब्या दाराशी तयार. केरबाला तिनं नवी टोपी घातली आणि म्हणाली, "जा, चरावर उभा ऱ्हा. आजच्या दिवस ध्यान दे बाबा. एक थेंब जरी घराकडं आला तर सगळं मुसळ केरात."

"एक थेंब येऊ देत न्हाई, आत्ती."

भुरभुर पाऊस होता. केरबा चरावर उभा राहिला. वर सडकेवर वडापची गाडी थांबल्याचा आवाज आला आणि पायवाटेनं माणसं उतरायला लागली. पुढं छत्री घेऊन सुंदराबाई, तिच्या छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी आणि मागं बोचकं घेऊन हौसा. हौसा! केरबाचा ऊर भरून आला. धावत जावं आणि ते दुपटं उघडून बघावं असं त्याला फार वाटलं. पण तो धावला नाही. माणसं वरनं येत होती.

सुंदराबाईनं फरशीवर पाय ठेवायला आणि केरबानं खोरं आडवं धरायला एकच गाठ पडली.

"इकडनं न्हाई, मामी. असं या. ह्या अंगानं."

सुंदराबाईला वाटलं, दारात चिखल असेल, जावई चांगल्या वाटेनं नेतोय. ती वळली. केरबा पुढं झाला. काटे बाजूला करी, फांद्या धरून ठेवी, "हळू, हितं निसरडं हाय" म्हणे. इतक्या अदबीनं त्यानं पाण्यालाही कधी नेलं नव्हतं. घराला वळसा पडला. घर बाजूनं दिसलं, पुढून दिसलं, मग वर राहिलं.

"अवो," हौसा मागून म्हणाली, "घर मागं ऱ्हायलं की!"

"ऱ्हायलं. एक थेंब तिकडं जाऊ दिला न्हाई."

"कुठं न्हेताय आमास्नी?"

"ओढ्याला."

तोवर ओढा आलाच. सुंदराबाई घोटाभर पाण्यात उभी होती. केरबानं खोरं खांद्यावर टाकलं. त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं. इतक्या महिन्यांनी बायको दिसली, लेक आली आणि तिलाही ओढ्याला लावायची वेळ यावी! पण एकदा सांगितलं ते सांगितलं.

"आता व्हा म्होरं," तो म्हणाला.

आत्तीनं दारातून हे बघितलं आणि तिच्या हातातला तांब्या गळाला. ती अंगणातून धावत आली, ओढ्यात शिरली, सुंदराबाईच्या हातातून शेवंताला घेतलं आणि वाटभर केरबाचा उद्धार करत सगळ्यांना दारात आणून उभं केलं. पुन्हा तांब्या भरला, पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"बघ!" ती केरबाला म्हणाली. "दाराशी आलेल्याला असं घ्यायचं असतंय! पायावर पाणी घालायचं, भाकरतुकडा ववाळायचा, 'या, घर आपलंच हाय' म्हणायचं आन् घरात घ्यायचं! मग ते वरनं येऊ दे, न्हाई तर खालनं येऊ दे! आल्यालं माघारी लावायचं न्हाई! कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला. "असं आधी सांगायचं की, आत्ती. पुढच्या खेपंला तसं करतो."

आत्तीचं त्याच्या बोलण्याकडे ध्यान नव्हतं. सगळ्या जणी आत गेल्या. शेवंताला पाळण्यात घातलं.  सुंदराबाईनं ओलं लुगडं पिळलं, हात पदराला कोरडे पुसले आणि ती मागच्या भिंतीशी गेली.  हौसानं डोळे मिटून घेतले. सुंदराबाईनं भिंतीवर तळहात टेकला. दाबला. काढून उजेडात बघितला.

"कोरडा," ती म्हणाली.

आत्तीनं भिंतीलाच नमस्कार केला.

"जावयबापू कसं बी असूं देत," सुंदराबाई म्हणाली, "भिंत कोरडी केलीया. मी माझा शबूद मोडायची न्हाई. हौसा आन् शेवंता हितंच..."

आणि डोंगरावर आभाळ फाटलं.

बाहेर केरबा चरावर उभा होता. वरून पाणी आलं, तांबडं, गर्जत, दगडगोटे घेऊन. आजवरच्या पावसाळ्यात असं पाणी आलं नव्हतं. केरबानं सवयीनं खोरं उचललं आणि तो थांबला. वरनं येऊ दे, न्हाई तर खालनं येऊ दे. आल्यालं माघारी लावायचं न्हाई. त्याला आषाढभर ओढ्याला लावलेलं सगळं पाणी आठवलं आणि मनातून शरम वाटली.

तो पळत दाराशी गेला, तांब्या आणि उरलेला भाकरतुकडा घेऊन आला. पाण्याच्या पायावर पाणी घातलं. पाय नेमके कुठं असतील ते त्याला कळेना, म्हणून सगळीकडे थोडं थोडं घातलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग खोऱ्यानं बांध फोडला आणि मागचं दार सताड उघडलं.

"या," तो म्हणाला. "घर आपलंच हाय."

पाण्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

माजघरात सुंदराबाईचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. मागच्या दारातून पाणी आत शिरलं आणि भांड्यांखालचे खडे निघाले. घागर निघाली, वरवंटा निघाला, खिरीचं पातेलं निघालं. सुंदराबाईच्या वहाणा तिच्या डोळ्यांदेखत निघाल्या. आत्ती खांबाला धरून "केरबा!" म्हणून ओरडली. पण भुई झुकलेली होती. पाणी माजघरात थांबलं नाही, सोप्यावर थांबलं नाही, भिंतीला तर त्यानं ओळखही दाखवली नाही. पाळण्याखालच्या उचललेल्या चौकोनाला वळसा घालून ते म्होरल्या दारातून बाहेर पडलं आणि ओढ्याकडे पळालं. चौकोनावर पाळणा आणि पाळण्यात शेवंता. गाढ झोपलेली.

 सुंदराबाई पाण्यातून चालत भिंतीशी गेली आणि तिनं पुन्हा हात लावून बघितला. पुन्हा कोरडा.

"ह्या घरात पाणी थांबत न्हाई, एवढं खरं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या लेकीला." असं म्हणून ती त्या चौकोनावर बसली आणि पहिल्यांदाच हसली. हसू आवरेना तशी हौसालाही हसू आलं. आत्तीनं देवाला हात जोडले, की सुटलो बाबा, शेवट गोड झाला.

पण केरबा कुठं होता? तो म्होरल्या दाराच्या उंबऱ्यावर, नव्या टोपीला हात लावून, शेवटचं पाणी बाहेर जाताना बघत होता. पाहुणा निघाला की काय म्हणायचं, हे तर आत्तीनं त्याला अगदी लहानपणीच शिकवलं होतं. ते तो कधी विसरला नव्हता.

"परत या हं," केरबा म्हणाला.

वर डोंगरावर पुन्हा गडगडलं.